मोबाइल क्रायसिस टीममध्ये ‘पीअर’ नेमकं काय करतो? बायपोलर असलेल्या माणसाला हे काम झेपेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही कॅलिफोर्नियात राहता, बायपोलरचं (उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजाराचं) निदान होऊन सहा वर्षं झाली, गेली तीन वर्षं गोळ्यांवर नीट चाललंय, आयटीचा वीट आलाय आणि कुणीतरी तुम्हाला ‘पीअर रिस्पॉन्डर’ची जागा निघाल्याचं सांगितलं. हे काम काय असतं आणि आपल्याला झेपेल का? मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात चार वर्षं हेच करतेय, निदानही तुमचंच. झेपण्याचं नंतर बघू, आधी बुटांचं सांगते.

कुणाच्या घरात गेलो तरी आम्ही बूट काढत नाही. एकाएकी बाहेर पडायची वेळ आली तर मोज्यांवर जिना उतरायला लागू नये म्हणून हा नियम. एरवी त्याचं काही वाटत नाही, पण पहिल्यांदा मराठी घरात गेले तेव्हा पाय उंबऱ्यातच अडकले. दाराशी चपलांची रांग, आत देव्हाऱ्यात दिवा, आणि मी जाड तळव्याचे बूट घालून उभी. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी होत्या. चार दिवस धड जेवल्या नव्हत्या, ‘मला आता नकोसं झालंय’ एवढंच म्हणत होत्या, म्हणून सुनेने घाबरून ९८८, म्हणजे मानसिक संकटात मदतीसाठीचा नंबर, लावला होता. (तपशील बदललेत. खरे असते तर इथे लिहिलेच नसते.) आमच्या गाडीत बुटांवर चढवायच्या निळ्या पिशव्या असतात, त्या मी दारातच चढवल्या. आजींनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि त्या दिवसातलं पहिलं पूर्ण वाक्य बोलल्या, “हे काय गं, डॉक्टरीण आहेस का?”

मी म्हटलं, “नाही हो आजी, पेशंट आहे.”

पीअर म्हणजे काय, याचं याहून सरळ उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

आता कामाची रीत. ९८८ हा देशभरचा नंबर १६ जुलै २०२२ ला सुरू झाला. त्यावरचे बहुतेक फोन बोलण्यावरच निभावतात. जिथे निभावत नाही तिथे माणसं पाठवतात, तीच मोबाइल क्रायसिस टीम. कॅलिफोर्नियात मेडी-कॅलच्या (कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) नियमानुसार बहुतेक काउंट्यांना २०२३ च्या अखेरीपर्यंत अशी चोवीस तासांची सेवा सुरू करावी लागली. शहरी भागात टीमने तासाभरात पोचायचं, ग्रामीण भागात दोन तासांत. किमान दोघं जण, कुणाकडे तरी नॅलोक्सोन (अफूसारख्या नशेचा अतिडोस उतरवणारं औषध) हवंच, आणि भेटीनंतर ७२ तासांच्या आत पुन्हा चौकशी करायची. आमच्या गाडीवर ना दिवा ना भोंगा. आत पाणी, खाऊच्या वड्या, ब्लँकेटं आणि मोज्यांचा ढीग. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला मोजे देऊन बघा, वीस मिनिटं तो त्याविषयीच बोलतो, आणि आम्हाला ती वीस मिनिटं हवी असतात.

दोघांपैकी एक क्लिनिशियन, म्हणजे मानसिक आजारांचं रीतसर शिक्षण घेतलेली. धोका किती आहे हे जोखण्याचे प्रश्न ती विचारते. मी बसते. चेष्टा करत नाहीये, बसणं हे माझं मुख्य काम आहे. समोरचा पलंगावर असेल तर मी खुर्चीत, तो खुर्चीत असेल तर मी जमिनीवर, आणि दाराची वाट अडणार नाही अशा जागी. मग गप्प. पहिल्या वर्षी मला ही शांतता सोसायची नाही, दर दहा सेकंदांनी काहीतरी धीराचं बोलावंसं वाटायचं. आपल्याकडे तर ‘काळजी करू नको, सगळं ठीक होईल’ हे चहासारखं आल्याआल्या पुढे करायची रीत आहे. मला स्वतःला ते कुणी म्हटलं की कानात बोटं घालावीशी वाटायची, तरी दुसऱ्याच्या घरात माझ्याच तोंडून ते निघायचं.

आणि स्वतःची गोष्ट. सगळ्यांना वाटतं पीअर म्हणजे आपली कहाणी सांगणारा. सुरुवातीला मीही तेच केलं. कॉलेजातली एक मुलगी बाथरूमच्या दाराशी बसून रडत होती. मी तिला माझं सगळं सांगितलं : नोकरी कशी गेली, नवरा कसा वैतागला, आई नाशिकहून कशी धावत आली. दहा मिनिटांनी ती मुलगी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. परत येताना गाडीत माझी जोडीदारीण एवढंच म्हणाली, “आज टीम कुणासाठी आली होती?” तेव्हापासून माझा हिशोब दोन वाक्यांचा. किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचा बंद करून बसलेल्या एका पोराला मी विचारलं होतं, “किती दिवस झोप नाही?” तो म्हणाला, पाच. मी म्हटलं, “माझे नऊ झाले होते. सातव्या दिवशी टोलनाक्यावरचे कॅमेरे माझ्याशी बोलायला लागले.” काच चार बोटं खाली आली. “काय म्हणाले?” असं त्याने अगदी गंभीरपणे विचारलं. एवढं झालं की आपण तोंड मिटायचं आणि त्याला बोलू द्यायचं.

आजींकडे परत येते. मी मराठी असले तरी तपासणीचे प्रश्न फोनवरच्या दुभाष्यामार्फतच विचारायचे असा आमच्याकडे नियम आहे, आणि एरवी तो मला पटतो. पण ‘नकोसं झालंय’ याचं दुभाष्याने ‘थकल्या आहेत’ केलं तेव्हा मात्र मी हात वर केला. आपली भाषा या बाबतीत फार लाजाळू आहे. ‘जिवाचं काही बरंवाईट करून घेशील’ म्हणतो, ‘असलं अभद्र बोलू नये’ म्हणतो, आणि नेमका प्रश्न कुणी विचारत नाही. विचारल्याने डोक्यात ते खूळ शिरेल ही भीती खोटी आहे. प्रशिक्षणात हे पहिल्याच दिवशी शिकवतात, आणि माझा स्वतःचा अनुभवही तोच : मला जेव्हा कुणी सरळ विचारलं तेव्हा सुटल्यासारखं झालं होतं. क्लिनिशियनने मान हलवली, म्हणून मी विचारलं, “आजी, जीव द्यायचं मनात येतं का?” सून आत निघून गेली. आजी बराच वेळ पदराची किनार बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “द्यायचं नाही गं. देवाने घेऊन जावं असं वाटतं. पण इथल्या देवाला माझा पत्ता कुठे ठाऊक आहे?”

यजमान जाऊन तीन महिने झालेले, तेरावा उरकून मुलाने इकडे आणलेलं, दिवसभर घरात एकट्या. या दोन उत्तरांमध्ये, द्यायचं आणि घेऊन जावं, कामाच्या दृष्टीने बराच फरक आहे. त्या रात्री दवाखान्यात न्यायची गरज पडली नाही. गोळ्यांचे डबे सुनेच्या ताब्यात गेले, रात्री कुणी शेजारी झोपायचं ठरलं, डॉक्टरांची वेळ घेतली. दोन दिवसांनी फोन केला तेव्हा पिठलं-भात खाल्ल्याचं कळलं. परतीचं तिकीट अलीकडे आणा असं त्या मुलाला सांगत होत्या. पुढे त्याने आणलं का, मला माहीत नाही. या कामात पुढचं कधी कळत नाही, त्याची सवय करावी लागते. मला अजून झालेली नाही.

आता जड भाग. इथे ‘५१५०’ हा आकडा सगळ्यांना ठाऊक असतो, तुम्हालाही असेल. १९६७ च्या कायद्यातलं ते कलम. मानसिक आजारामुळे माणूस स्वतःला धोका आहे, दुसऱ्याला धोका आहे किंवा स्वतःचं अन्न-वस्त्र-निवाराही बघू शकत नाही असं दिसलं, तर त्याला मर्जीविरुद्ध ७२ तासांपर्यंत ठेवता येतं. पोलीस तो कागद भरू शकतात, काउंटीने अधिकार दिलेला क्लिनिशियनही भरू शकतो. मी भरू शकत नाही. पण माझ्याच शेजारी बसून तो भरला जातो, आणि पंधरा मिनिटांपूर्वी ज्याने माझ्यावर विश्वास ठेवला तो माझ्याकडे बघत असतो. एका बाईंनी मला विचारलं होतं, “म्हणजे तूही त्यांच्यातलीच?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

मलाही २०१४ मध्ये असंच नेलं होतं. दोन पोलीस, हातात बेड्या, समोरच्या घरातला पडदा हललेला. तिथे गेल्यावर बुटांच्या नाड्या काढून घेतल्या, मग बूटच, आणि तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे दिले. फोनही काढून घेतला. घरी फोन लावा म्हणाले तर मला नाशिकच्या घरचा जुना लँडलाइन सोडून एकही नंबर पाठ नव्हता, आणि ती लाइन बंद होऊन सहा वर्षं झाली होती.

म्हणून कागद भरला जात असताना मी आता हेच करते. चार नंबर कागदावर लिहून घेते, फोन जाणार आहे हे आधी सांगते. नाड्या नसलेले बूट शोधते. चष्मा, कवळी, मांजराला कोण बघणार, गॅस बंद आहे का. पुढच्या तासात काय काय होईल ते क्रमाने सांगते, वाईट भागासकट. ‘चल, जरा फिरून येऊ’ म्हणत गाडीत बसवून नेण्याची जी आपल्याकडची घरगुती पद्धत आहे, ती मी कधीही वापरणार नाही. तसं नेलेला माणूस पुढे वर्षानुवर्षं कुणाच्याही गाडीत बसत नाही.

इथली पीअर चळवळ उभी केली ती सक्तीने डांबल्या गेलेल्या माणसांनी. ज्युडी चेंबरलिन हे त्यातलं मोठं नाव, त्यांना १९६६ मध्ये असं ठेवलं होतं. त्यामुळे पीअरने अशा गाडीत बसावं का, यावर आमच्यात जुना वाद आहे. माझे दोन मित्र याच कारणाने सोडून गेले. मी राहिले, कारण गाडी जाणार तर आहेच, मग नंबर लिहून घेणारं कुणीतरी आत असावं. हे मत फार भक्कम नाही, मला ठाऊक आहे.

आता तुमचं. झेपण्याचा प्रश्न तुम्ही भावनांच्या अंगाने विचारलाय, पण आपल्यासारख्यांना हे काम पाडतं ते झोपेच्या अंगाने. दुसऱ्याचं दुःख बघून मी अजून आजारी पडले नाही. आलटून पालटून येणाऱ्या रात्रपाळीने मात्र दुसऱ्याच महिन्यात हायपोमेनिया, म्हणजे उन्मादाची सौम्य पायरी, आणला. तेव्हाच्या माझ्या सुपरवायझरला तो ‘उत्साह’ वाटला. नोकरी घेतानाच ठरावीक पाळी लेखी मागा. १९९० च्या अपंगत्व कायद्याखाली अशी वाजवी सवलत मागता येते, आणि ज्या नोकरीची पात्रताच तुमचा आजार आहे तिथे तो लपवण्यात अर्थ नाही. लिथियमवर (बायपोलरच्या नेहमीच्या गोळीवर) असाल तर उन्हाळ्यात गाडीत पाण्याची बाटली रिकामी होऊ देऊ नका, आणि डोकं दुखलं म्हणून कुणी दिलेली आयबुप्रोफेन घेऊ नका. लिथियमची पातळी वर जाते.

पीअरच्या प्रमाणपत्रासाठी २०२० मध्ये एसबी ८०३ हा कायदा झाला : ऐंशी तासांचं प्रशिक्षण, मग परीक्षा, आणि स्वतः किंवा घरच्या माणसासोबत हे भोगलंय असं जाहीर करायची तयारी. ते जाहीर करणं सोपं नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मला अजूनही ‘एनजीओत असतेस ना?’ विचारतात आणि मी हो म्हणते. व्हिसाचंही बघा : एच-वनबीवर असाल तर हे जोडीला करता येणार नाही. एच-फोरवर (जोडीदाराच्या व्हिसावर) कामाचा परवाना असेल, किंवा ग्रीन कार्ड, तरच विचार करा. पगार क्लिनिशियनच्या जवळपासही नसतो, आणि जागा कायमची नसते. या सगळ्या टीम जिच्याकडे बघून उभ्या राहिल्या ती ऑरेगनमधल्या युजीन शहराची काहूट्स ही टीम १९८९ पासून चालू होती. एप्रिल २०२५ मध्ये पैशांपायी तिचं युजीनमधलं काम थांबलं.

‘पीअर’ला मराठीत काय म्हणायचं, हेही तुम्ही विचारलंय. पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये आजारी माणसाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. कॅलगरीत संख्याशास्त्र शिकवणारे जगन्नाथ वाणी यांनी ती संस्था उभी केली, त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. माझी आई २०१५ मध्ये तिथल्या बैठकीला जाऊन आली आणि फोनवर म्हणाली, “तू शुभार्थी आहेस बरं का, आजपासून वेडी म्हणायचं नाही.” मग मी कोण, कामावर अर्धी ही आणि अर्धी ती. (भारतातून कुणी वाचत असेल आणि आत्ता गरज असेल, तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन : १४४१६. फुकट आहे, मराठीतही बोलतात.)

अर्ज करणार असाल तर एक तयारी करा. मुलाखतीत हमखास म्हणतात, तुमची गोष्ट दोन मिनिटांत सांगा. घड्याळ लावून घरी म्हणून बघा. माझी पहिल्यांदा सव्वीस मिनिटं झाली होती.