टॉमकॅट नवे झाले, जोडणी का तुटली?

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेल-चादरींचा कारखाना आहे. व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी नोंदवणारी जावा प्रणाली आम्ही एकाच लिनक्स सर्व्हरवर चालवतो. पुढे अपाचे हा वेब सर्व्हर, मागे जावा प्रणाली चालवणारा टॉमकॅट आणि मधे त्या दोघांना जोडणारे मॉड-जेके. टॉमकॅट ९.०.३० काढून त्याच मालिकेतील नवी आवृत्ती बसवल्यापासून मुखपृष्ठ व चादरींची छायाचित्रे दिसतात, पण ऑर्डरचे पान उघडले की ५०३ (सेवा उपलब्ध नाही) येतो. मॉड-जेकेच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फायलीत, ‘एररनो १११’ असे दिसते. टॉमकॅटचा पत्ता ०.०.०.० ठेवून सीक्रेटची (दोघांमधल्या गुप्त शब्दाची) अट बंद करा, असे एका परिचितांनी सुचवले आहे. तसे करावे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तसे करू नये, कारण त्याने टॉमकॅटचे दार सीक्रेटविना बाहेरच्यांनाही खुले होऊ शकते. छायाचित्रे अपाचे स्वतःच देतो आणि केवळ ऑर्डरचे पान टॉमकॅटकडे जाते, त्यामुळे बिघाड त्या दोघांमधल्या वाटेवरच आहे, हे आपल्या वर्णनावरून उघड आहे. १११ या आकड्याचा अर्थ, त्या पत्त्यावर व पोर्टवर कोणीच ऐकत नाही. फायरवॉल वाट अडवत असती तर बहुधा ११० दिसला असता आणि एसई-लिनक्स या लिनक्सच्या सुरक्षा व्यवस्थेने मनाई केली असती तर १३. म्हणून त्या दोन्हींच्या मागे तूर्त लागू नये.

फेब्रुवारी २०२० मध्ये ‘घोस्टकॅट’ नावाची त्रुटी उघड झाली. बाहेरून एजेपी (मॉड-जेके व टॉमकॅट यांच्यातील संवादाची पद्धत) पोर्टपर्यंत पोहोचणाऱ्याला तिच्यामुळे ॲप्लिकेशनच्या आतल्या फायली वाचता येत होत्या. म्हणून ९.०.३१ पासून सोबत येणाऱ्या सर्व्हर.एक्सएमएल या टॉमकॅटच्या सेटिंगच्या फायलीत एजेपी कनेक्टर (ही जोडणी स्वीकारणारा भाग) टिप्पणीत, म्हणजेच बंद असतो. आपण ही नवी फाईल जशीच्या तशी वापरली असावी. टिप्पणी काढली तरी काम लगेच होईलच असे नाही, कारण नमुन्यातील पत्ता ::१ हा (त्याच सर्व्हरचा आयपीव्ही६ पत्ता) असतो आणि मॉड-जेके बहुतेक ठिकाणी १२७.०.०.१ वर (त्याच सर्व्हरच्या आयपीव्ही४ पत्त्यावर) जातो. घर तेच, पण दार दुसरे! कनेक्टरच्या ॲड्रेसमध्ये व मॉड-जेकेच्या वर्कर्स.प्रॉपर्टीज फायलीतील होस्टमध्ये १२७.०.०.१ आणि दोन्हीकडे पोर्ट ८००९ लिहावा.

नव्या आवृत्तीत, अट मुद्दाम बंद केली नाही तर, सीक्रेट सक्तीचे आहे. ते रिकामे राहिले तर कनेक्टर सुरूच होत नाही आणि अपाचेच्या बाजूला पुन्हा तोच १११ दिसतो. खरे कारण मात्र टॉमकॅटच्या कॅटलिना लॉगमध्ये स्पष्ट लिहिलेले असते, जो अशा वेळी कोणी उघडून पाहत नाही. म्हणून कनेक्टरमध्ये सीक्रेट द्यावे, तेच वर्कर्स.प्रॉपर्टीजमध्ये त्या वर्करच्या नावापुढे लिहावे आणि आधी टॉमकॅट, मग अपाचे पुन्हा सुरू करावा. कोणत्या पोर्टवर कोणी ऐकत आहे हे दाखवणारी ‘एसएस -एलटीएन’ ही आज्ञा दिल्यावर १२७.०.०.१:८००९ ही ओळ दिसली, की दार उघडले असे समजावे.

यानंतर ५०३ जाऊन ४०३ (परवानगी नाही) आला तर घाबरू नये. विनंती टॉमकॅटपर्यंत पोहोचली आहे आणि बहुधा दोन्हीकडची सीक्रेटे जुळत नाहीत. सीक्रेटच्या शेवटी चुकून राहिलेली एखादी मोकळी जागा आधी तपासावी.