लेक पहिल्यांदा जलतरण स्पर्धेत उतरतेय तेव्हा

ताई, लेक जिल्हा स्पर्धेत उतरतेय हे ऐकून फार आनंद झाला. पदकाचं सध्या बाजूला ठेवा आणि एक वही करा. तारीख, पोहण्याचा प्रकार, लागलेली वेळ आणि तलाव २५ मीटरचा की ५० मीटरचा, एवढं लिहा. २५ मीटरच्या तलावात वळणं जास्त, भिंत ढकलून वेग मिळतो, म्हणून वेळ कमी लागते. पुण्यातल्या बालेवाडीच्या ५० मीटरच्या तलावात तीच वेळ वाढली तर पोरगी मागे पडली असं समजू नका.

ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय या पोहण्याच्या प्रकारांत वळताना आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. नवी मुलं इथेच बाद होतात. तसं झालं तर तिथे काही बोलू नका. टॉवेल द्या, केळं द्या. तंत्राचं सर बघतील. गॅलरीतून सूचना ओरडणं मला अजिबात पटत नाही.

टोपीआधी केस साध्या पाण्याने भिजवा, म्हणजे क्लोरीन कमी शोषलं जातं. गॉगल दोन न्या. आणि पहाटेच्या सरावासाठी रात्री लवकर झोप हवीच. लग्नकार्यं थोडी चुकतील, नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा.