पोरांना घेऊन तंबूत राहायचंय, जाऊ का?

प्रश्न : ताई, माझी मुलगी साडेचार वर्षांची आणि मुलगा पावणेदोन. नवऱ्याला डिसेंबरात भंडारदऱ्याला एक रात्र तंबूत राहायचंय, मलाही मनातून जावंसं वाटतंय, पण सासूबाई म्हणतात लेकरं गारठतील, आणि मला तर रात्रीचीच भीती वाटते. नेऊ का? - एक वाचक, पुणे

उत्तर : अगं ने, नक्की ने. पण सासूबाईंचं बोलणं उडवून लावू नकोस, गारठ्याचं त्या बरोबरच सांगतायत. धरणाच्या काठी पहाटे फार गार पडतं आणि ती थंडी वरून कमी, खालून जास्त लागते. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा अंगावर दोन जाड ब्लँकेटं आणि खाली नुसती सतरंजी, रात्री दोनला धाकटी रडत उठली, पाय बर्फासारखे, मग एक ब्लँकेट खाली सरकवलं आणि तिला पोटाशी धरून उजाडेपर्यंत बसून राहिले. म्हणून खाली फोमची मॅट, त्यावर गोधडी, कानटोपी, मोजे, आणि कोरड्या कपड्यांचे दोन जोड तरी जास्तीचे. तंबू गच्च बंद करू नकोस, श्वासाने आतून पाणी सुटतं आणि अंथरूण ओलं होतं, जाळीची खिडकी थोडी उघडी राहू दे.

आणि हे हात जोडून सांगते, कितीही थंडी असली तरी निखाऱ्याची शेगडी तंबूत आणायची नाही. कार्बन मोनॉक्साईडला ना वास ना रंग, झोपेत जीव जातो, कळत पण नाही.

रात्रीची भीती म्हणतेस ती खोटी नाहीये. मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा दंश कधी कधी झोपलेल्याला कळतसुद्धा नाही, त्यामुळे तळ शिवलेलाच तंबू घे, चेन कायम लावलेली, खाऊ आत ठेवायचा नाही (उंदीर येतात, त्यांच्यामागे साप), सकाळी बूट झटकून घालायचे. जवळ साप चावल्यावर द्यायचं विषावरचं इंजेक्शन कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळतं ते निघायच्या आधीच फोन करून विचार, १०८ लक्षात ठेव. पाण्याजवळ मात्र मोठ्या माणसाचा हात सोडायचाच नाही, काठाला गाळ असतो आणि खोली एकदम वाढते.

त्याआधी एक रात्र गच्चीवर तंबू लावून झोपा, धाकटा शू करायला उठतो की दूध मागतो, अंधाराला घाबरतो का, सगळं तिथेच कळेल. जमलं तर शनिवार-रविवार टाळ, बऱ्याच कॅम्पवर मोठ्याने गाणी लावतात, पोरं झोपत नाहीत.

फिरायचा प्लॅन फार करू नकोस गं. आम्ही हौसेने रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर दाखवायला नेलं, एवढं सुंदर कोरीवकाम, आणि पोरी बाहेर खडे वेचत बसल्या दोन तास, ताटलीत खड्यांचा भात वाढत होत्या, मग आम्हीही तिथेच बसून तो भात खाल्ला. ते दोन तास मला अजून आठवतात.

अमावस्येच्या आसपासची तारीख धर. डिसेंबरात जेवणं होईपर्यंत पूर्वेला मृग नक्षत्र वर आलेलं असतं, त्याच्याही वर कृत्तिकांचा पुंजका. त्या रात्री माझ्या मोठीने मान वर करून बघत विचारलं होतं, आई, आपल्या घरावर एवढे का नसतात?