घरच्या घरी हस्तकला : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळी तोंडावर आल्यामुळे या वेळच्या पत्रांमध्ये कंदील आणि किल्ला हेच विषय जास्त आहेत. कंदिलाच्या उत्तराला जागा अधिक लागली आहे, कारण त्यात चुकण्याच्या जागाही अधिक आहेत.

प्रश्न : कामट्यांचा पारंपरिक आकाशकंदील दरवर्षी घरी करतो. सांगाडा एका बाजूला कलतो आणि कागद लावल्यावर सुरकुत्या पडतात. नेमकं काय चुकतं? (कोथरूड)

उत्तर : कलण्याचं कारण बहुतेक वेळा मापात असतं, बांधणीत नसतं. हा कंदील म्हणजे एकसारखे सहा चौकोन, कोपऱ्याला कोपरा लावून बांधलेले. चौकोनांच्या मधल्या जागेत आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. कामट्या लागतात २४, आणि त्या सगळ्या तंतोतंत एका लांबीच्या हव्यात. दोन-तीन मिलिमीटरचा फरकही शेवटचा चौकोन बसवताना उघडा पडतो.

कामट्या बुरुडाकडून घ्या. ८ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड पुरे. एक कामटी २१ सेंटिमीटरची कापून तिला नमुना ठरवा आणि उरलेल्या तेवीसही तिच्यावरूनच मापा. आधी कापलेल्या तुकड्यावरून पुढचा मापत गेलं की चूक दरवेळी थोडी थोडी वाढत जाते. दोन्ही टोकांपासून अर्धा सेंटिमीटर सोडून खूण करा. गाठ त्या खुणेवर आली की चौकोनाची बाजू बरोबर २० सेंटिमीटरची होते.

बांबूची बाहेरची हिरवट बाजू गुळगुळीत असते, तिच्यावर दोरा घसरतो. खुणेच्या जागी पॉलिश पेपर फिरवून ती खरखरीत करा. साध्या सुती दोऱ्याचे पाच-सहा फुलीचे वेढे द्या, गाठ मारा आणि गाठीवर खळ चोपडा. खळ वाळण्याआधी चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही २८ सेंटिमीटरच्या किंचित वर, एकसारखे आले पाहिजेत. कमी-जास्त असतील तर चौकोन तिरपा झालाय, तेव्हाच दाबून सरळ करा आणि वजनाखाली ठेवा. सगळी तपासणी इथे व्हायला हवी. सहा चौकोन जोडून झाल्यावर तिरकेपणा काढता येत नाही.

जोडताना एक चौकोन जमिनीवर आडवा ठेवा. त्याच्या चारही कोपऱ्यांना एकेक चौकोन कोपऱ्यावर उभा करून बांधा. शेजारशेजारच्या उभ्या चौकोनांचे बाजूचे कोपरे एकमेकांना बांधा. वर चार टोकं उरतील, त्यांना सहावा चौकोन बांधला की सांगाडा पूर्ण झाला. त्याची उंची कर्णाएवढी, म्हणजे साधारण २८ सेंटिमीटर भरते.

आता सुरकुत्या. पतंगाचा कागद ओल्या खळीने फुगतो आणि वाळताना आकसतो. खळ पातळ असली किंवा जास्त लागली की तो एकीकडे जास्त फुगतो, तिथेच सुरकुती राहते. चारी बाजूंनी एकेक सेंटिमीटर वाढवून कागद कापा. खळ कागदाला न लावता कामटीला लावा, तीही घट्ट आणि पातळ थरात. कागद आधी समोरासमोरच्या दोन बाजूंना चिकटवा, मग उरलेल्या दोन बाजूंना. ताणून बसवू नका, नुसता सपाट बसवा. पूर्ण वाळल्यावर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा अगदी हलका फवारा दुरून मारा. वाळताना कागद स्वतःच ताणला जातो आणि बारीक सुरकुत्या निघतात. काही गडद रंगांचे कागद पाण्याने रंग सोडतात, म्हणून आधी एका तुकड्यावर फवारा मारून पाहा.

वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवा. वरून दिवा सोडता येतो आणि आतली गरम हवा निघून जाते. दिवा ३ ते ५ वॅटचा एलईडीच लावा आणि वरच्या चौकोनावर आडवी कामटी बांधून तो बरोबर मधोमध लोंबेल असा ठेवा. जुना तारेचा ४० वॅटचा दिवा इतका तापतो की टेकलेला कागद करपतो. परतीचा पाऊस अजून गेलेला नसेल तर कंदील पागोळीखाली टांगू नका. आणि सांगाडा दिवाळीनंतर टाकू नका, पुढच्या वर्षी कागद तेवढा बदलायचा.

प्रश्न : मैद्याच्या खळीत गुठळ्या होतात आणि आठवडाभरात तिला वास येतो. फेव्हिकॉलच वापरावा का? (सदाशिव पेठ)

उत्तर : कागदकामाला खळच चांगली. ती स्वस्त आहे, कागद सरकवायला वेळ देते आणि वाळल्यावर कडक पापुद्रा धरत नाही. लाकूड, पुठ्ठा, कापड यांना मात्र फेव्हिकॉल.

एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. त्यातलं एक वाटी पाणी गार असताना मैद्यात कालवून एकजीव करा. उरलेल्या चार वाट्या पाण्याला उकळी आणा, त्यात हे कालवण बारीक धारेने सोडा आणि ढवळत राहा. कोरडा मैदा थेट गरम पाण्यात पडला की गोळ्याची बाहेरची बाजू लगेच शिजते, आत पाणी शिरत नाही आणि गुठळी तशीच राहते. मंद आचेवर चार-पाच मिनिटांनी खळ पांढरी न दिसता काचेसारखी दिसू लागते. तेव्हा उतरवा आणि गाळून घ्या. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते.

कसर आणि झुरळं लागू नयेत म्हणून बाइंडिंगवाले खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. तो विषारी आहे. लहान मुलं काम करणार असतील तर घालूच नका. घालायचाच असेल तर खळ गार झाल्यावर, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या टाकाऊ भांड्यात घाला. ॲल्युमिनियमच्या भांड्याला मोरचूद खातो, आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकात येणं धोक्याचं आहे.

प्रश्न : रद्दीच्या लगद्याची टोपली पावसाळ्यात केली, तिला बुरशी आली. दुसरी केली तर वाळताना तडकली आणि पाटीवरून निघेना. मेथी घालतात ती कशासाठी? (धनकवडी)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. भिजवून वाटलेली मेथी बुळबुळीत होते, तो तिच्यातला डिंकच. तो कागदाचे धागे धरून ठेवतो आणि वाळल्यावर टोपली टणक होते. मेथीच्या कडूपणामुळे किडेही लवकर लागत नाहीत, म्हणून जुन्या बायका ती सोडत नसत.

अर्धा किलो वर्तमानपत्राची रद्दी घ्या. गुळगुळीत मासिकांचा कागद नको, त्याच्यावर मातीचा मुलामा असतो आणि लगद्याला ताकद येत नाही. दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे करून गरम पाण्यात २४ तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला. भरपूर पाणी घालून थोडा थोडा मिक्सरमधून काढा. पाणी कमी पडलं की मिक्सर तापतो. जुन्या पंचात घालून पिळा. हे पाणी मोरीत ओतू नका, धागे बसून पाइप तुंबतो. बागेत टाकलं तर चालतं. १०० ग्रॅम मेथी रात्रभर भिजवून गंधासारखी वाटा, १०० ग्रॅम मुलतानी माती मिसळा आणि सगळं भाकरीच्या पिठासारखं मळा.

आता तडे. वाळताना लगदा आकसतो. पाटी उपडी घालून तिच्यावर बाहेरून थर दिला, तर तो आकसत आकसत पाटीला आवळतो. आतली पाटी काही आकसत नाही, मग लगदाच फाटतो. टोपली निघत नाही त्याचं कारणही हेच. दोन उपाय आहेत. एक, पाटीवर आधी प्लास्टिकचा कागद घाला, त्यावर ओल्या वर्तमानपत्राचे दोन थर द्या, मग लगदा लावा, आणि तो निम्मा वाळून आकार धरू लागला की पाटी काढून घ्या. दुसरा आणि सोपा, थर पाटीच्या आतून द्या. मग आकसताना तो भिंतीपासून सुटत येतो. नवख्यांनी आतूनच करावं.

थर सगळीकडे ५-६ मिलिमीटर ठेवा. काठ पातळ आणि बूड जाड झालं की काठ आधी वाळतो, आणि तडा बहुतेक काठाशीच जातो. पहिले दोन दिवस सावलीत, हवेशीर जागी ठेवा, मग उन्हात. तडा गेलाच तर त्याच्या कडा पाण्याने ओल्या करून पातळ लगदा भरा. कोरड्या कडांना नवा लगदा धरत नाही.

बुरशीवर खरा उपाय म्हणजे हे काम जुलै-ऑगस्टमध्ये काढायचंच नाही. पुण्यात ऑक्टोबरच्या उन्हात हीच टोपली पाच-सहा दिवसांत खडखडीत वाळते. वरून खळीने जुन्या सुती कापडाचे तुकडे चिकटवले तर ती वर्षानुवर्षं टिकते. तिच्यात शिवणाचं सामान, खेळणी, कोरडी कडधान्यं ठेवा. ओली भाजी नको.

प्रश्न : जुन्या साडीच्या वेणीचं पायपुसणं वाटीसारखं वर उचलतं. (हडपसर)

उत्तर : वळसे शिवताना तुम्ही वेणी ओढता आहात. बाहेरच्या वळशाला आतल्यापेक्षा जास्त लांबी लागते. ती मिळाली नाही की कडा वर येतात. उलट वेणी जास्त सैल सोडली की कडेला झालर पडते. काम मांडीवर न घेता टेबलावर किंवा फरशीवर सपाट ठेवून शिवा. मांडीवर नेमकी हीच चूक होते आणि कळत नाही. वळणावर वेणी थोडी सैल सोडा, सरळ बाजूवर नुसती शेजारी टेकवा.

लंबगोल पायपुसण्याची सुरुवातीची सरळ वेणी किती ठेवायची, हे लांबीतून रुंदी वजा करून ठरतं. ७५ बाय ४५ सेंटिमीटरचं हवं तर पहिली वेणी ३० सेंटिमीटर, मग वळसे. पातळ सुती सहावारीच्या १० सेंटिमीटर रुंदीच्या, लांबीच्या दिशेने फाडलेल्या पट्ट्या केल्या की साधारण ११ पट्ट्या, म्हणजे ६० मीटर मिळतात. या मापाच्या पायपुसण्याला ५० मीटरच्या आसपास लागतात, म्हणून एक साडी पुरते. सिंथेटिक साडी घेऊ नका, ती पाणी शोषत नाही आणि फरशीवर घसरते. पट्ट्या जोडताना गाठी मारू नका, पायाला टोचतात. टोकं एकमेकांवर ठेवून टाके घाला, आणि तिन्ही पेडांचे जोड एकाच जागी येऊ देऊ नका.

प्रश्न : काचेची बाटली दोरा आणि रॉकेलने पेटवून कापता येते का? (औंध)

उत्तर : करू नका. काच दोऱ्याच्या रेषेवरच तडकेल याचा भरवसा नसतो, कडेला न दिसणारे कपचे राहतात आणि पेटता दोरा हातात असतो. बाटली अख्खीच रंगवा. रंगाचे पापुद्रे निघत असतील तर कारण काचेवरचा तेलकटपणा आहे. साबणाने धुऊन, वाळवून, स्पिरिटने पुसा आणि त्यानंतर काचेला बोट लावू नका.

प्रश्न : घरात लग्नपत्रिकांचा ढीग आहे. भाऊबिजेसाठी डब्या करायच्या आहेत, पण घडी फुटते आणि गम धरत नाही. पत्रिकांवर गणपती असतो, तो टाकवतही नाही. (चिंचवड)

उत्तर : गणपतीचं चित्र आधी कापून बाजूला ठेवा. झाकणाच्या मधोमध, घडीपासून दूर लावता येतं.

जाड कागदाचे धागे एका दिशेने असतात. पत्रिका हलकेच दोन्ही दिशांनी वाकवून पाहा. जिकडे सहज वाकते ती धाग्यांची दिशा, तिकडची घडी स्वच्छ पडते. आडवी घडी फुटते. डबीला दोन्ही दिशांच्या घड्या लागतातच, म्हणून प्रत्येक घडीच्या जागी पट्टी ठेवून रिकाम्या रिफिलने आधी चीर न पाडता रेघ दाबून घ्या. झाकणासाठी १६ सेंटिमीटरचा चौकोन, डबीसाठी साडेपंधराचा. चारी बाजूंनी तीन-तीन सेंटिमीटरवर घडी आणि कोपऱ्यांत एकेक काप. झाकण आतून १० सेंटिमीटरचं होतं, डबी साडेनऊची, आणि एकमेकांत नीट बसतात.

गम धरत नाही कारण पत्रिकेवर प्लास्टिकचं आवरण असतं. चिकटवायच्या जागी १२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवून चमक घालवा, मग फेव्हिकॉल लावा आणि कपड्यांच्या चिमट्याने अर्धा तास दाबून ठेवा. आत लाडू किंवा करंज्या ठेवणार असाल तर बटर पेपर घाला. छापील शाई खाण्याला लागू नये. वर्तमानपत्रात खाणं बांधू नका, असा इशारा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच दिला आहे.

प्रश्न : फ्लॅटच्या गॅलरीत मुलांना किल्ला करायचा आहे. माती कमी वापरून होईल का? मागच्या वर्षी मातीला भेगा पडल्या आणि अळीव उगवले नाहीत. (वारजे)

उत्तर : होईल, आणि छान होईल. आतला डोंगर मातीचा नकोच. ताडपत्री अंथरून तिच्यावर पुठ्ठ्याची खोकी, उपड्या बादल्या, फुटक्या कुंड्या रचा. राजगड करायचा तर मधोमध उंच बालेकिल्ला आणि खाली तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या, एवढी रचना आधी कागदावर काढून घ्या. मुलांना हे नकाशाचं काम सगळ्यात जास्त आवडतं, घाई करू नका. पद्मावती उत्तरेला, सुवेळा पूर्वेला. मोबाइलमधल्या होकायंत्रावर दिशा लावून किल्ला मांडता येतो.

खोक्यांवर प्लास्टिकचा कागद घाला, नाहीतर पुठ्ठा भिजून कडे कोसळतात. त्यावर तागाचं पोतं पांघरायचं. भुसाराच्या दुकानात रिकामी पोती मिळतात, पण प्लास्टिकच्या धाग्यांचं घेऊ नका, त्याला चिखल धरत नाही. माती चाळून, पाण्यात दाटसर कालवून पोतं तिच्यात पूर्ण बुडवा, मग पसरा आणि हाताने दऱ्या-सोंडा दाबून काढा. भेगा पडल्या त्या काळ्या मातीमुळे. ती वाळताना फार आकसते. लाल माती घ्या, किंवा काळीत निम्मी बारीक वाळू मिसळा.

अळीव भिजवून टाकू नका, त्यांचा चिकट गोळा होतो आणि एका जागी दाटी होते. कोरडेच ओल्या पोत्यावर भुरभुरा. पाणी लागताच दाण्याभोवती बुळबुळीत वेष्टण येतं आणि दाणा उतारावरही चिकटून राहतो. वरून माती घालू नका. तुमचे उगवले नाहीत ते एकतर मातीखाली गाडले गेले किंवा पोतं वाळलं. दिवसातून तीनदा पाण्याचा फवारा मारा. दुपारी ऊन थेट येत असेल तर त्या वेळेपुरतं ओलं फडकं टाका. दोन-तीन दिवसांत मोड दिसतात, पाचव्या-सहाव्या दिवशी हिरवळ भरते. म्हणून वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी पेरणी झाली पाहिजे. पायऱ्या, बुरूज, तटबंदी त्याच्या आदल्या दिवशीच करून घ्या, कारण मोड आल्यावर हात लावला की रोपं उपटतात. मावळे मात्र शेवटी.