बोक्याची एक गोटी (वृषण) सुजली आहे. ट्यूमर आहे का, हे कसं कळेल?

नुसतं दाबून कोणी नक्की सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भांडणात चावा बसून पू धरला तरी गोटी सुजते.

आमच्या बाळ्या बोक्याचं आठव्या महिन्यात ऑपरेशन केलं. एकच गोटी खाली उतरली होती, तेवढी काढली. "दुसरी नसेलच, काळजी करू नका," असं सांगून घरी पाठवलं. पर्शियन रक्ताच्या बोक्यांमध्ये ती पोटातच राहण्याचा प्रकार जास्त दिसतो, हे मला नंतर कळलं. पुढे सात वर्षं दाराची चौकट, सोफ्याचा कोपरा, सगळीकडे उभ्याने लघवीचे फवारे. वास असा की पाहुणे पाच मिनिटांत उठत. भावोजींचं एकच पालुपद: "बोका आहे, वास येणारच. बाहेर सोडून दे."

शेवटी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बाळ्याला उताणं केलं, दोन बोटांनी लिंगावरची कातडी मागे सारली आणि मला जवळ बोलावलं. मांजराच्या जिभेवर असतात तसे बारीक काटे. "ऑपरेशननंतर दीड-दोन महिन्यांत हे जायला हवे होते. म्हणजे टेस्टोस्टेरॉन, नराचं हार्मोन, अजून तयार होतंय." रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. मूत्राशयाशेजारी बोराएवढी गाठ, पोटात राहिलेली तीच दुसरी गोटी. काढली, लॅबला पाठवली. रिपोर्ट आला: लेडिग पेशींचा, म्हणजे गोटीतल्या टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशींचा ट्यूमर.

लॅबच्या पैशांवरून घरात वाद झाला. "काढून टाकलीये, आता नाव कळून काय करायचंय?" करायचंय! गोटीच्या ट्यूमरचा प्रकार कोणता, सर्टोली, लेडिग की सेमिनोमा, हे सूक्ष्मदर्शकाखालीच ठरतं आणि पुढे किती लक्ष ठेवायचं ते त्यावरून. हा खर्च वाचवणारा माणूस मांजर पाळायच्या लायकीचा नाही, असं मी तोंडावर बोलले. आजही मागे घेत नाही.

तुमच्या बोक्याच्या दोन्ही गोट्या बाहेर आहेत, त्यामुळे काट्यांवरून तुम्हाला काहीच कळणार नाही. ऑपरेशन न झालेल्या धडधाकट बोक्यालाही ते असतात. शिवाय काटे राहिले म्हणजे गाठच असं नाही, पोटात राहिलेली साधी गोटी किंवा ॲड्रिनलचा (मूत्रपिंडाजवळच्या हार्मोन-ग्रंथीचा) बिघाडही असू शकतो. मांजरांत हे ट्यूमर कुत्र्यांच्या मानाने फार क्वचित होतात, हेही खरं. तुम्ही सोनोग्राफी करा, छातीचा एक्स-रे काढा, दोन्ही गोट्या काढून टाका. आणि ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना बजावा, काढलेलं फेकायचं नाही, फॉर्मॅलिनमध्ये घालून लॅबला पाठवायचं.