पहिल्यांदाच डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा रोलप्लेचा गेम) खेळतोय, पॅलाडिन-वॉरलॉक बिल्ड चालेल का? आणि कॅम्पेन (सलग चालणारी गोष्ट) रेडीमेड घ्यायचं की घरचं?

तू लिहिलंयस की तुम्ही पाच जण, तिघं ठाण्यातले दोघं नेरूळचे, एक आड एक शनिवारी घोडबंदर रोडला एकाच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये बसणार, डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, तोसुद्धा नवाच, थेट तिसऱ्या लेव्हलला सुरुवात आणि तुला पॅलाडिन (शपथ घेतलेला योद्धा) दोन लेव्हल आणि हेक्सब्लेड वॉरलॉक (करार करून जादू मिळवणारा, त्यातला करिष्म्याने शस्त्र चालवणारा प्रकार) एक लेव्हल असा करायचाय कारण व्हिडिओत त्याचं डॅमेज जबरदस्त दिसलं. अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस.

बिल्ड वाईट नाहीये. पण व्हिडिओवाले डॅमेजचा जो हिशोब मांडतात तो तुमच्या टेबलावर लागू पडेल का ते आधी बघ. डीएमला एवढंच विचार की दोन लाँग रेस्टच्या (रात्रभराच्या विश्रांतीच्या) मध्ये साधारण किती फायटिंग होणार आणि शॉर्ट रेस्ट घेऊ देणार का. २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात दिवसाला सहा ते आठ एन्काउंटर आणि मध्ये दोनेक शॉर्ट रेस्ट असं गृहीत धरलंय. प्रत्यक्षात काय होतं, सगळे येईपर्यंत सात वाजतात, मग वडापाव, मग गप्पा, एक फाईट होते आणि नेरूळवाले ट्रान्सहार्बरची शेवटची गाडी सुटेल म्हणून बॅग उचलतात. पुढच्या वेळी डीएम म्हणतो चला, रात्र गेली, सगळे फ्रेश. झालं, लाँग रेस्ट. अशा टेबलावर पॅलाडिन एकटाच राजा असतो कारण सगळे स्लॉट (जादू वापरायचे ठरावीक मोके) एकाच मारामारीत उडवले तरी त्याचं काही बिघडत नाही, आणि वॉरलॉक मात्र फुकट जातो, त्याचा स्लॉट तासाभराच्या शॉर्ट रेस्टने परत मिळतो हाच तर त्याचा फायदा, आणि तो तास कधी येतच नाही.

त्यामुळे बिल्डच्या आधी डीएमला एक सवय लावा. सेशन संपलं म्हणजे लाँग रेस्ट झाली असं नाही. निघताना प्रत्येकाने उरलेले हिट पॉइंट (जीव किती उरलाय तो आकडा) आणि स्लॉट शीटवर पेन्सिलने लिहायचे, ग्रुपवर फोटो टाकायचा, पुढच्या वेळी तिथूनच पुढे. एवढं केलंत तर तुझ्या वॉरलॉकला अर्थ आहे.

आता मल्टिक्लास, म्हणजे एकाच पात्रात दोन क्लास, कधी. माझं मत स्पष्ट आहे, पाचव्या लेव्हलपर्यंत सरळ पॅलाडिन राहा. पाचव्याला एक्स्ट्रा अटॅक (एका वेळी दोन वार) मिळतो, विझर्डला त्याच लेव्हलला फायरबॉल मिळतो, म्हणजे बाजूचा आठ सहा-बाजूंचे फासे फेकतोय आणि तू पॅलाडिन २ वॉरलॉक ३ होऊन तलवारीचा एकच वार करतोयस, फार चिडचिड होते. सहाव्याला तर ऑरा आहे, तुझा करिष्मा मॉडिफायर दहा फुटांतल्या सगळ्या दोस्तांच्या सेव्हिंग थ्रोला (संकटातून वाचायला टाकायच्या फाशाला) लागतो, बाकीचे चौघं तुला चहा पाजतील त्यासाठी. मग सातव्याला घे वॉरलॉक. स्ट्रेंथ आणि करिष्मा दोन्ही किमान १३ लागतात, ते तुझे असणारच.

हे सगळं २०१४ च्या रूल्सचं, कारण तू हेक्सब्लेड म्हणालास. २०२४ च्या पुस्तकात सबक्लास सगळ्यांनाच तिसऱ्या लेव्हलला मिळतो, म्हणजे एका लेव्हलच्या वॉरलॉकला हेक्सब्लेड मिळणारच नाही, आणि स्माईट (स्लॉट खर्चून वारात जास्तीचं डॅमेज) तिथे स्पेल झालाय, बोनस अ‍ॅक्शन (आपल्या पाळीतली एक जास्तीची छोटी कृती) खातो. करिष्म्याने तलवार चालवायचीच असेल तर तिथे पहिल्याच लेव्हलला पॅक्ट ऑफ द ब्लेड घेता येतं. अर्धं पुस्तक हे अर्धं ते करू नका, पहिल्याच दिवशी भांडणं होतात.

आकडे. १५, १४, १३, १२, १०, ८ हे स्टँडर्ड आकडे घे आणि हाफ-एल्फ हो, त्याचे वाढीव गुण धरून: स्ट्रेंथ १६, करिष्मा १६, कॉन्स्टिट्यूशन १४. विज्डम १२, डेक्स १०, इंटेलिजन्स ८, बुद्धी कमी असली की रोलप्लेला मजाही येते. चेनमेल आणि ढाल, आर्मर क्लास (तुला वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) १८. फायटिंग स्टाईल ड्युएलिंग, एकहाती शस्त्राचं डॅमेज वाढतं.

आणि स्माईट जपून रे बाबा. आमच्याकडे एक पॅलाडिन आहे, गॉब्लिन दिसला की स्माईट. अरे, २०१४ च्या गॉब्लिनला हिट पॉइंट सात, तुझी लाँगस्वर्ड ड्युएलिंग धरून आठ बाजूंच्या फाशावर अधिक पाच, म्हणजे १ पडला तरच तो वाचतो, नाहीतर साध्या वारातच मेला. त्यावर अजून दोन आठचे फासे कशाला? मग आतून बगबेअर आला, २७ हिट पॉइंटवाला, आणि ह्याच्याकडे एकही स्लॉट नाही, टेबलावर सगळे त्याच्याकडे बघतायत. स्माईट करायचा की नाही हे वार लागल्यावर ठरवता येतं, म्हणून वाराच्या फाशावर २० पडेपर्यंत थांब, तो क्रिटिकल, आणि क्रिटिकलला स्माईटचे फासेही डबल होतात.

कॅम्पेन रेडीमेडच घ्या, आणि पहिल्या लेव्हलपासून. पहिल्यापासून दुसऱ्याला जायला ३०० एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात, पटकन होतं, आणि नवीन डीएमला तेवढ्यात कळतं की कोण काय करू शकतं. २०१४ च्या स्टार्टर सेटमधलं लॉस्ट माईन ऑफ फँडेल्वर पहिल्या ते पाचव्या लेव्हलसाठी आहे, तुमच्यासाठी पुरे. रूल्सवर लगेच पैसे घालू नका, बेसिक रूल्स फुकट मिळतात, आणि २०१४ च्या रूल्सचा ५.१ रेफरन्स डॉक्युमेंट २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये, म्हणजे सगळ्यांना खुला आहे, फक्त हाफ-एल्फ त्यात असला तरी हेक्सब्लेड नाही, ते पुस्तक वेगळं.

घरचंच करायचा हट्ट असेल तर नकाशा आणि शत्रू रेडीमेडचे ठेवा, नावं आपली घाला. रस्त्यावरचा हल्ला गायमुखच्या घाटात, गुहा येऊरच्या जंगलात, गाव खाडीकाठचं मिठागराचं, चोरांचा अड्डा पडक्या किल्ल्याखाली. ठाण्याचा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, तिथे आता जेल आहे, म्हणजे तळघरात कोण कोंडलंय हा प्लॉट आयताच मिळाला. डीएमने फक्त २० लेव्हलचा इतिहास आणि देवांची वंशावळ लिहीत बसू नये, कोणी वाचत नाही, पुढच्या शनिवारपुरतं लिहावं.

शीट भरलीस की आकडे इथे टाक, बघून सांगते. आणि २०१४ की २०२४, तेवढं आज डीएमला मेसेज करून विचार.