नोकरी सांभाळून रोज स्केचिंग कसं जमवायचं? फोटोवरून चित्र हुबेहूब येतं, पण समोर बसून काढताना हात का अडखळतो?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला फार ओळखीचा वाटला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मी उदगीरकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. शाळा सुटल्यावर फोटोवरून पोर्ट्रेटची कामं घेतो. कुणाचा निरोप समारंभ असतो, कुणाच्या आजोबांचं वर्षश्राद्ध. त्या पैशावर घरातला बराच खर्च भागतो, तेव्हा फोटोला मी नावं ठेवणार नाही. पण चार-पाच वर्षं सलग तेच केल्यावर माझाही हात तुमच्यासारखा झाला होता. मोबाइलवर चेहरा मोठा करायचा, चौकटी आखायच्या, एकेक चौकट भरत जायची. फोटोत सगळं आधीच सपाट आणि स्थिर झालेलं असतं. काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे आपल्याला ठरवावंच लागत नाही. जिवंत माणूस समोर आला की ते दर क्षणाला ठरवावं लागतं, आणि हात अडखळतो तो तिथंच.

माझा हात सुटला तो हाळी हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात. आमच्याकडची देवणी जातीची गाय-बैलं तिथं बघायला मिळतात. रंगावरून देवणीचे तीन प्रकार सांगतात. वानेरा म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या. शेवेरा म्हणजे पांढऱ्यावर काळे ठसे. बालंक्या पांढराच, पण खालच्या अंगाला काळे ठिपके. पहिल्याच दिवशी एक शेवेरा बैल धरला आणि सवयीप्रमाणे डोळ्यापासून सुरुवात केली. डोळा सुरेख आला, अंगावरचे ठसेही जसेच्या तसे. दावणीला बसलेले एक मामा मागून बघत होते. म्हणाले, "सर, समदं खरं, पर ह्याला खांदा कुठाय? जू कुठं ठिवायचं?"

खरंच खांदा नव्हता. मी बैलाचं कातडं काढलं होतं, बैल नाही. मामांनी मग मला हात धरून दाखवलं. वशिंडाच्या पुढं मान कुठं सुरू होते, जू नेमकं कुठं बसतं, गळ्याखालची पोळी चालताना कशी हलते, उभा असतानाही बैल मागच्या अंगाचा भार एका पायावर कसा टाकतो. इतक्या वर्षांत शरीररचना मला इतकी नीट कुणी समजावली नव्हती. तेव्हापासून मी कुठलंही स्केच भारापासून सुरू करतो. वजन कुठल्या पायावर आहे, पाठीचा कणा कुठं वाकलाय, या दोन रेषा आधी. डोळे-बिळे शेवटी, वेळ उरला तर.

तुम्हीही हेच करून बघा. हालणाऱ्या गोष्टीला तीस सेकंदांच्या वर देऊ नका. जनावर हललं तर ती रेष तशीच सोडून शेजारी दुसरी सुरू करा. ते पुन्हा आधीच्या जागी येतंच, मग जुनी रेष पुढं न्या. खोडरबर घरी ठेवा. मी साधं बॉलपेनच वापरतो, कारण चुकलेली रेषही पानावर राहिली पाहिजे, नाहीतर कुठं चुकलो ते उद्या कळत नाही.

काय सोडायचं हे शिकायला अजिंठ्याला एकदा वही घेऊन जा (सोमवारी लेणी बंद असतात). पहिल्या लेण्यात एका खांबाच्या वरच्या भागावर चार हरणं कोरलेली आहेत, आणि चौघांत मिळून डोकं एकच. ज्या धडाकडे बघाल त्याचंच ते वाटतं. मी तिथं बराच वेळ उभा राहून फक्त चार माना काढल्या. दीड हजार वर्षांपूर्वी त्या कारागिरानं चार जनावरांच्या माना किती पाहिल्या असतील, तेव्हा त्याला तीन डोकी गाळता आली.

रोजचं वेळापत्रक विचारलंत, तर ते साधं आहे. सकाळी शाळेआधी वीस मिनिटं बसस्टँडवर. वाट बघणारी माणसं बरीच स्थिर असतात, आणि पिशव्या, काठ्या, डोक्यावरचे पदर यांत शिकायला भरपूर आहे. एक पान भरलं की झालं. संध्याकाळी ऑर्डरची कामं. एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या आसपास गेला की जलरंग दुपारी घेतच नाही, वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेला रंगाचा थर, पसरायच्या आधीच वाळतो.

शाळेत मुलं इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षेच्या तयारीला येतात. ए ग्रेडला दहावीत 7 गुण वाढतात, पालक त्यासाठीच पाठवतात, आणि त्यात काही वाईट नाही. पण त्यांना मी आठवड्यातून एकदा मैदानात नेतो आणि खेळणाऱ्या मुलांची चित्रं काढायला लावतो. बसून काढलेल्या स्थिरचित्रापेक्षा त्यांची खरी प्रगती तिथं दिसते.

एक काळजी मात्र मला अजून सुटलेली नाही, आणि काढत राहिलात तर ती तुमच्याही वाट्याला येईल. बाजारातली चित्रं लोकांना आवडतात. फेटा, बैल, धूळ, सगळं देखणं दिसतं. पण त्या बाजारात पुष्कळ जण जोडी विकायला आलेले असतात, कारण चाऱ्याला पैसा नाही किंवा शेत आता भाड्याच्या ट्रॅक्टरनं होतं. दलाल आणि शेतकरी उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतात. ते झाकलेले हात मी कितीदा काढले. एकदा सौदा झाल्यावर उपरणं बाजूला झालं आणि शेतकऱ्याचा चेहरा समोर आला. पेन हातात होतं, पण मी काढलं नाही. त्यांनीच विचारलं, बैलाचं काढलंय का? पान फाडून दिलं. त्यांनी ते घडी न घालता धोतराच्या सोग्यात धरून ठेवलं, आणि बैल टेम्पोत चढेपर्यंत तसेच उभे होते.

आता मी कुणाचाही चेहरा काढण्याआधी विचारतो. पाठमोरं काढायचं असेल तरीसुद्धा विचारतो. बहुतेक जण हो म्हणतात आणि मग सरळ होऊन बसतात, त्यामुळे सहजपणा जातो. तरी विचारतो. अशा वेळी पहिलं पान त्यांना ऐटीत बसू द्यावं आणि ते त्यांनाच द्यावं. दुसऱ्या पानापर्यंत ते आपल्या कामाला लागलेले असतात.